प्रात्यक्षिक क्रमांक चार

भदाणे मॅडम म्हणाल्या, प्रयुक्ताचं नाव लिहायचं नाही,
फक्त आद्याक्षरं.
म्हणून वहीत माझा बाप :
लो. उ., वय एकोणपन्नास, हमाली,
सवय तंबाखू, कालावधी एकतीस वर्षं.
नात्याचा रकाना छापलेलाच नव्हता.

धरणगावच्या जिनिंगमध्ये बिडी चालत नाही.
कापसाला ठिणगीचं निमित्त पुरतं.
गेटवर काडेपेटी काढून घेतात,
मग माणसं आपली आग तळहातावर मळतात,
चुना लावून, दोन थापा मारून
ओठाच्या आत ठेवून देतात
सुटी होईपर्यंत.

कार्यपद्धती सोपी : सात दिवस,
प्रत्येक चिमटीला एक उभी रेघ, पाचवी आडवी.
कुणासोबत, कशाच्या आधी,
मनात काय चाललं होतं.
शेवटच्यावर बाप हसला.
"मन्हा मनमा काय चालस? गाठी चालतस. आखो काय?"

पहिला दिवस चौदा.
दुसरा चौदा.
तिसऱ्या दिवशी नऊ, चौथ्या दिवशी सात,
आणि मी वर्गात जवळजवळ उड्या मारल्या.
मॅडमनी चष्मा पुसला.
म्हणाल्या, कुणी मोजतंय हे कळलं की माणूस बदलतोच,
त्याला उपचार म्हणू नकोस.

पाचव्या दिवशी डबा द्यायला गेले.
सरकीच्या ढिगाआड टोळी बसलेली,
केसाभुवयांवर कापसाची लव,
सगळेच एका दिवसात म्हातारे.
धुडकूनानाची पुडी फिरत होती,
उखा, सलामतचाचा, पावऱ्यांचा नवा पोरगा,
बापापाशी आली. त्यानं मला बघितलं.
न घेता पुढे दिली.

हातांची ती साखळी तिथेच थबकली.
कुणी रागावलं नाही, कुणी हसलंही नाही.
नाना एवढंच बोलला,
"काय रे लोटन, मोठा व्हयना का?"

बापानं चिमूट घेतली.
मी रेघ ओढली नाही.

समूहदाबाची व्याख्या मला पाठ आहे,
साडेतीन ओळी, हमखास विचारतात.
रात्री लाइट गेली तेव्हा बापानं जे सांगितलं
ते त्या साडेतीन ओळींत नव्हतं :
अठराव्या वर्षी पहिल्या दिवशी पाठ सोलून निघाली,
दिवसभर सगळे ए पोऱ्या, ए पोऱ्या,
आणि संध्याकाळी कुणीतरी म्हणालं,
"हात कर. नाव काय तुन्हं?"
तळहातावर तंबाखू आणि तोंडात स्वतःचं नाव,
दोन्ही एकाच वेळी.
चक्कर आली म्हणे. उलटी झाली.
दुसऱ्या दिवशी परत हात केला.

धडा सातवा, स्व.
'मी कोण?' याची वीस उत्तरं द्या.
कंदिलाशी वही धरून मी विचारत गेले.
मी हमाल.
मी उखर्डूचा पोरगा.
मी नानाच्या टोळीतला.
चौथ्याला तो थांबला,
आणि त्याचा हात, त्याला न विचारता,
खिशाकडे गेला.
खिसा रिकामा होता, त्या दिवशी तरी.
मग तो नुसताच अंगठ्यानं तळहात मळत राहिला,
उत्तर तिथेच कुठेतरी पडलं असल्यासारखा.

निष्कर्षाची जागा मी कोरी सोडली.

बापाला अक्षरं येत नाहीत, रेघा येतात.
वही उलटसुलट बघून म्हणाला,
"हाई आडवी कसानी?"
पाचवी, मी म्हटलं.
"मंग ती बाकीन्या चारले बांधस,"
आणि गाठीवर पट्टी आवळतात तसं
बोटानं दाबून दाखवलं.
मॅडमनी हे शिकवलं नव्हतं.
मला तर नुसती मोजणी दिसत होती.

वही तपासून आली.
लाल शाईत : निष्कर्ष अपूर्ण. वीसपैकी चौदा.
बापानं विचारलं, कितला पडनात?
चौदा, मी सांगितलं.
तो पायरीवर बसून तळहात बघत होता.
"मन्हाबी तितलाच व्हतात," म्हणाला,
"पहिला रोज."